डब्याच्या झाकणाएवढी दोन शून्यं

भाऊसो सर दारू पिऊन शाळेत गेले, निकालाच्या फलकावर डांबर ओतलं, मोठ्या बाईंना शिव्या दिल्या आणि आता निलंबित होऊन घरात बसलेत, ही बातमी कसबा बावड्यात सकाळी साडेदहाला सुटली आणि अकराच्या आत कारखान्याच्या गेटला जाऊन परतही आली. परत येताना तिनं सोबत एक बाई आणली. आजऱ्याची. "त्या बाईपायी चाललंय समदं," असं धोंडुबाईनं पिठाच्या गिरणीत सांगितलं. आता गिरणीत सांगितलेली गोष्ट दुपारच्या भाकरीबरोबर घराघरांत जाते, हे काय वेगळं सांगायला पाहिजे?

तर ती बातमी आधी चाळून घेऊ. भाऊसो सर दारू पीत नाहीत. उसाच्या रसात बर्फ जास्त पडला तरी त्यांना दोन दिवस शिंका येतात. डांबर नव्हतं, पांढरा डिस्टेंपर होता, शाळेच्याच कोठीत उरलेला. मोठ्या बाईंना शिव्या दिल्या म्हणावं, तर तीस वर्षांत सरांच्या तोंडून निघालेली सगळ्यात जहाल शिवी "गाढवा, कंस सोडवायचा राहिला" ही आहे. निलंबन अजून झालेलं नाही. राहिली आजऱ्याची बाई. ती मात्र खरी. फक्त ती बाई सतरा वर्षांची आहे, तिचं नाव पूर्णिमा, आणि सर तिच्यामागं आजऱ्याला गेले ते तिचा शाळा सोडल्याचा दाखला खिशात घालून.

भाऊसो सर गणिताचे. माळावरच्या सरकारी हायस्कूलला तीस वर्षं झाली, येत्या मे महिन्यात निवृत्त होतील. उंची बेताची, पोट त्याहून बेताचं, आणि मोपेड अशी की ती येण्याआधी तिचा आवाज येऊन कडी वाजवतो. दुपारच्या सुट्टीत भडंग खाताना शेंगदाणे आधी वेगळे काढायचे आणि शेवटी मोजून खायचे, ही सवय. शेवंताकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, लग्नातली आठवण सांगतात, "अक्षता पडलालत्या आणि ह्ये माणूस मांडवाचे खांब मोजत हुतं."

पण सरांची खरी हौस म्हणजे शाळेच्या गेटजवळचा तो फलक. सिमेंटचा, पुरुषभर उंच, रस्त्याकडं तोंड केलेला. दर जूनला सर स्वतः त्यावर हिरवा रंग मारायचे आणि पिवळ्या अक्षरांत दहावीचा निकाल लिहायचे. पेंटरला हात लावू द्यायचे नाहीत. "पेंटरला शून्य गोल येत न्हाई," म्हणायचे. शून्यासाठी ते आपल्या जेवणाच्या डब्याचं झाकण फलकावर धरायचे, खडूनं गोल मारायचे आणि मग जीभ दातांत धरून रंग भरायचे. अशी दोन शून्यं, दर वर्षी. निकाल शंभर टक्के, सलग सहावं वर्ष. जूनभर शेवंताकाकू झाकणाला लागलेला पिवळा रंग घासत बसायच्या आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोलायच्या, "बायकोच्या कपाळाला कुकू कवा लावलं न्हाई, पर शाळेच्या भिंतीला बघा!"

गल्ली हसायची. सरही हसायचे. पण ते शंभर म्हणजे शाळेची भाकरी होती. इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बसा आता थेट गल्लीच्या तोंडाशी येऊन हॉर्न मारतात. सरकारी हायस्कूलचा पट वर्षावर्षाला खाली येतोय. पट पडला की तुकडी तुटते, तुकडी तुटली की मास्तर अतिरिक्त ठरतो, आणि अतिरिक्त ठरलेला मास्तर शाहूवाडीच्या डोंगरात कुठल्या तरी शाळेवर जाऊन पडतो. दोन जण तसे गेलेही. मग पोरं शाळेत आणायची कशी? फलकाकडं बोट दाखवून. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका प्रीती मॅडम, प्रवेशाला आलेल्या पालकांना आधी गेटवर उभं करायच्या, फलक वाचू द्यायच्या आणि मगच आत घ्यायच्या.

आता शंभर टक्के दर वर्षी कसे येतात? पोरं हुशार असतात, मास्तर मेहनती असतात, हे आहेच. त्याशिवाय एक रीत आहे. ती शाळेत सगळ्यांना ठाऊक होती, गल्लीत निम्म्यांना ठाऊक होती, आणि चारचौघांत कुणी तोंड उघडून बोलत नव्हतं. नववीचा निकाल लागला की मे महिन्यात भाऊसो सर काही घरी जायचे. जी पोरं दहावीला अडकतील असं वाटायचं, त्यांच्याच घरी. "पोरगं शाळेतनं काढून घ्या" असं ते कधी म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "सतरा नंबरचा फॉर्म भरू की. बाहेरून परीक्षा. घरकाम बी होतंय, अभ्यास बी होतोय." बाहेरून बसायचं तर आधी शाळेतून दाखला काढावा लागतो. दाखल्यासाठी पालकांचा अर्ज लागतो. तो अर्ज सर स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून द्यायचे. नाव पटावरून कमी. मग मार्चमध्ये ते पोर पास होवो, नापास होवो, नाहीतर परीक्षेला न जावो, शाळेच्या निकालात त्याची गणती नाही.

या कामावर दुसऱ्या कुणाला पाठवून उपयोग नव्हता. सरांचा शब्द गोड. त्यांच्यासाठी लोक शेजारून खुर्ची मागून आणायचे. आणि सरांचं मनही स्वच्छ होतं. आपण पोराला नापासाच्या शिक्क्यातून वाचवतोय, असं त्यांना मनापासून वाटायचं. बाहेरून का होईना, देईल की परीक्षा! किती जणांनी दिली, हे मात्र शेंगदाणे मोजून खाणाऱ्या माणसानं कधी मोजलं नाही.

गेल्या वर्षी नववीत एकेचाळीस होते. सरांनी सात घरं केली. सातवं घर चिमणाबाईचं.

चिमणाबाई म्हणजे पूर्णिमाची आजी. आयुष्य खुरपं घेऊन उसाच्या भांगलणीत गेलेलं. घर पत्र्याचं, पण झाडून लख्ख. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताज्या फुलांचा हार. त्या फोटोच्या बरोब्बर खाली सरांसाठी मागून आणलेली खुर्ची ठेवली होती.

पूर्णिमा अभ्यासात ढ नव्हती. मराठीचा धडा असा वाचायची की मागच्या बाकावरची झोपलेली पोरं उठून बसायची. गणितात मात्र अडायची, आणि अडली की गप्प बसायची नाही. एकदा भर वर्गात उभी राहून म्हणाली होती, "सर, दर डावाला आपणच क्षला का हुडकायचं? एकदा त्येला यिऊ दे की आपल्याला हुडकत." वर्ग खदखदला. सरांनी डस्टर टेबलावर आपटलं, पण स्टाफरूममध्ये जाऊन तीन जणांना तो प्रश्न सांगितला आणि प्रत्येक वेळी आधी स्वतःच हसले.

त्या दिवशी सरांनी चिमणाबाईला सगळं समजावलं. पूर्णिमा चुलीपाशी चहा करत होती. सर आवाज खाली आणून म्हणाले, "आजी, पोरगी गुणाची हाय. पर गणित तिला जमायचं न्हाई. माझं तीस वर्षांचं गणित सांगतंय."

"आमच्या घरात धावी कुणीच झाल्यालं न्हाई, सर," चिमणाबाई म्हणाली. "ही पयली."

"हुईल की! बाहेरून. फॉर्म मी भरतो, तुमाला कुटं जायाला नगो. आणि गणित रविवारी माझ्या घरी. झालं?"

"तुमी म्हणतासा म्हंजे झालंच."

साक्षरता वर्गात शिकलेली सही चिमणाबाईनं अर्जावर केली. एकेक अक्षर कोरत. सही संपेपर्यंत सरांचा चहा गार झाला. पूर्णिमा दारापर्यंत सोडायला आली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "सर, हजेरीत नाव नसलं तरी मी मागं यिऊन बसलो तर चालंल?"

"नगो गं. तपासणी येतीया."

"बरं."

दोन रविवार ती सरांच्या घरी आली. शेवंताकाकूंनी तिला थालीपीठ खायला घातलं. तिसऱ्या रविवारपासून सरांनी घरी त्याच वेळेला पटावरच्या चौतीस जणांचे जादा तास सुरू केले. शंभर टक्के काय आपोआप येतात होय? पूर्णिमा दारात आली, आत सतरंजीवर दाटीनं बसलेली आपल्याच वर्गातली पोरं बघितली आणि माघारी गेली. पुढच्या रविवारी आली नाही.

तिचा दाखला सरांच्या दप्तरात, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेला होता. फॉर्म भरायचाच होता. आज भरू, उद्या भरू, शनिवारी अर्धी शाळा असते तेव्हा भरू. आणि ज्या दिवशी विलंब शुल्कासह शेवटची मुदत होती, त्या दिवशी सर कोल्हापुरात एका सभागृहात व्यासपीठावर बसले होते. गावातल्या एका मंडळानं शंभर टक्के निकालवाल्या शाळांच्या शिक्षकांचा सत्कार ठेवला होता. सरांना कोल्हापुरी फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. दप्तर खुर्चीखाली, पायाशी होतं. दाखला दप्तरात होता.

दुसऱ्या दिवशी लाल पेन शोधताना तो हाताला लागला. सायकलवाल्या पोरालाही मागं न टाकणाऱ्या आपल्या मोपेडवरून सर कधी नव्हे ते भरधाव नेट कॅफेत गेले. कॅफेवाल्यानं पडद्यावरचं वाक्य वाचून दाखवलं. मुदत संपली. सर म्हणाले, "परत बघ." त्यानं परत बघितलं.

सर चिमणाबाईच्या घरी गेले आणि हसत हसत म्हणाले, "पुढच्या वर्षी बसवू. तेवढाच अभ्यास पक्का हुईल." चिमणाबाई पुन्हा म्हणाली, "तुमी म्हणतासा म्हंजे बरोबरच असंल." पूर्णिमानं चहाचं आधण ठेवलं. त्या दिवसापासून सरांनी शाळेला जायचा रस्ता बदलला. खालच्या आळीतून गेलं की चार मिनिटं वाचतात, तरी ते वरून वळसा घालून जायला लागले. गल्लीनं ते टिपलं. धोंडुबाई म्हणाली, "दुकानदाराची उधारी थकल्याली दिसतीया." गल्लीचा तर्क एवढाच पोचतो.

या मे महिन्यात निकाल लागला. चौतीसपैकी चौतीस. सहावं वर्ष. झाकण निघालं, खडू निघाला, दोन शून्यं रंगली.

ऑगस्टमध्ये बाहेरून बसणाऱ्यांचे अर्ज पुन्हा सुरू झाले, आणि पहिल्याच दिवशी सर खालच्या आळीत गेले. मागून आणायला खुर्ची लागलीच नाही. चिमणाबाई एकटीच उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होती.

"पूर्णी आजऱ्याला हाय, मामाकडं. दिवाळीपसनं. घरात बसून काय करणार पोर? काजूच्या शेडात जाती."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून सर एसटीनं आजऱ्याला गेले. शेवंताकाकूंनी डब्यात थालीपीठं बांधून दिली. "पोरीला द्या. तुमी खाऊ नगासा," असं दोनदा बजावून.

शेड गावाबाहेर होती. आत पंधरा-वीस बाया ओळीनं बसून काजू फोडत होत्या. वास असा की सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. निदान पहिलं पाणी तरी वासानं आलं. टोकाला बसलेली पूर्णिमा त्यांना बघून ताडकन उठली आणि पाया पडली. मग चटकन हात मागं घेतले.

"हाताला तेल हाय, सर. कापडं खराब हुतील."

काजूच्या टरफलाचं तेल कातडी खातं. तिची बोटं टोकापर्यंत काळी पडली होती, आणि काळ्याखाली सालं निघालेली.

"राखेत हात घालून बसतो, तरी चढतंयच," ती म्हणाली आणि लगेच विषय बदलला. "सर, औंदा निकाल किती लागला?"

सरांनी हातातल्या डब्याचं झाकण दाबून बसवलं. मग म्हणाले, "शंभर."

पूर्णिमाचा चेहरा उजळला. ती वळून सगळ्या शेडीला ऐकू जाईल असं ओरडली, "मावशी, आयकलासा का? आमच्या शाळंचा शंभर टक्के लागलाय! सांगत नव्हतो मी? ह्येच आमचं गणिताचं सर!"

बायांनी हात थांबवून कौतुकानं सरांकडं बघितलं. एक म्हातारी म्हणाली, "पोरगी दिसभर तुमच्याच शाळंचं सांगत असती, पावणं. आमचं कान किटलं." सर त्या बायांच्या पुढं फेटा न बांधता उभे होते, तरी डोकं जड झालं.

सरांनी खिशातून दाखला काढला. फॉर्म सुरू झालाय, आज भरतो, आत्ता भरतो, इथल्या कॅफेत बसून भरतो, गणित रोज शिकवतो, फोनवर शिकवतो, दर रविवारी आजऱ्याला येतो. एवढं सगळं ते एका दमात बोलले. वर्गात कधी एवढ्या घाईनं बोलले नव्हते.

पूर्णिमा हसली. त्या हसण्यात राग असता तर सरांना बरं वाटलं असतं.

"नगो, सर."

"का गं?"

"मला जमायचं न्हाई गणित. तुमीच आजीला सांगितलासा न्हवं? मी चुलीपाशीच हुतो."

"अगं, ते मी... चुकलो असंन मी."

"असं कसं हुईल? तुमचं गणित कवा चुकतंय व्हय?" ती इतकी सहज बोलली की तिच्या मनात टोचून बोलायचं नव्हतं, हे सरांना कळलं. तिचा खरंच विश्वास होता. तीस वर्षांत त्यांच्या शब्दावर कुणी एवढा विश्वास टाकला नव्हता.

सर दाखला तिच्या हातात द्यायला लागले. "ठीव तरी. वाटलं कवा तर..."

"तुमच्याकडंच असू दे की. हितं तेलानं काळा हुईल." मग तिनं थालीपीठाचा डबा दोन्ही हातांनी धरला, झाकणाच्या कडेला राहिलेला पिवळा रंग बघितला आणि म्हणाली, "ह्येच्यानंच शून्य काढतासा न्हवं? आमी गेटावर उभं राहून बघायचो." थालीपीठं काढून घेतली, डबा आपल्या ओढणीनं पुसला आणि परत दिला. तेवढ्यात मुकादमानं हाक मारली आणि ती ओळीत जाऊन बसली.

परतीच्या एसटीत सर कागदावर काही तरी मांडत बसले होते, असं शेजारच्या सीटवरच्या माणसानं नंतर गल्लीत कुणाला तरी सांगितलं. सहा वर्षं, वर्षाला कधी पाच, कधी सात, एकदा नऊ. खाली रेघ मारून बेरीज. चाळीसच्या वर गेल्यावर त्यांनी कागद घडी करून दाखल्याच्या पिशवीत घातला. नावं आठवायला लागले तर अकराच आठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली घंटा झाली आणि सर कोठीतून डिस्टेंपरचा डबा घेऊन गेटवर आले. "दहावीचा निकाल" ही अक्षरं तशीच ठेवली. खालचा एक आणि दोन शून्यं पुसायला घेतली. पिवळा रंग तेलाचा, चांगला पक्का. एक हात मारला की शून्य आतून परत दिसायचं. दुसरा हात, तिसरा हात. रस्त्यावरची बस थांबली. दूधवाला थांबला. धोंडुबाई दळणाचा डबा डोक्यावर घेऊन थांबली आणि मग गिरणीकडं जवळजवळ पळतच गेली.

प्रीती मॅडम धावत आल्या. "सर, अहो काय करताय? पुढच्या महिन्यात पट पडताळणी आहे! लोकांनी बघितलं तर पोरं येणार नाहीत. तुम्ही निघून जाल, इथं आम्हाला राहायचंय." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. सरांनी त्यांना फक्त हात जोडले, हातातल्या ब्रशसकट.

शाळा समितीचा अध्यक्ष उदयसिंह गाडीतून उतरला. हा सरांचाच विद्यार्थी. याच शाळेत दहावीला गणितात दोनदा गटांगळ्या खाऊन तिसऱ्या खेपेला पास झालेला. तेव्हा शाळेनं त्याला हाकललं नव्हतं. पण ते त्याच्या ध्यानात नव्हतं.

"सर, डोकं फिरलंय का तुमचं? ह्यो निकाल काय खोटा हाय? बोर्डाचा कागद हाय आपल्याकडं."

"कागद खरा हाय."

"मग पुसालाईसा कशाला? सहा वर्षांची अब्रू हाय गावाची. उद्याच्या उद्या पेंटर आणतो मी."

"पेंटरला शून्य गोल येत न्हाई," सर म्हणाले. गेटशी जमलेली पोरं हसली.

"बरं, मग तुमी रंगवा. कवा रंगवतासा, बोला. आज? उद्या?"

"पूर्णिमा पास झाली की."

उदयसिंहानं मोठ्या बाईंकडं बघितलं. मोठ्या बाई खाली बघत होत्या.

"कोण ही पूर्णिमा? आपल्या पटावर हाय का?"

सरांनी ब्रश डब्यात ठेवला, हात पँटला पुसले आणि म्हणाले, "न्हाई. म्हणून तर शंभर आलतं."